वखार म्हणजे कारखाना नव्हे

पत्र : नमस्कार ताई. माझा मुलगा आठवीत आहे. सामाजिक शास्त्रात सध्या वसाहती आणि व्यापार हा भाग चालू आहे. बाईंनी तीस शब्दांची यादी दिली आहे. वसाहत, वखार, सनद, मक्तेदारी, व्यापारवाद, करारबद्ध मजूर, त्रिकोणी व्यापार असे शब्द आणि प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या. तो रात्री धडाधड म्हणून दाखवतो आणि सकाळी पाटी कोरी. मागच्या चाचणीत त्यानं लिहिलं, ‘इंग्रजांनी सुरतेला कारखाना काढला’, ‘सनद म्हणजे पदवी’ आणि ‘अमेरिकेत तेरा सोसायट्या होत्या’. घरात सगळे हसले, तो मात्र रडला. मी एका ऑफिसात हिशेब लिहिते, इतिहासाशी माझा संबंध दहावीलाच संपला. मला सोप्या व्याख्या लिहून द्याल का? आणि त्या पाठ कशा करून घेऊ? – एक आई

प्रिय ताई,

व्याख्या मी लिहून देणार नाही. त्याच्याकडे तीस आहेतच, त्यात माझ्या तीस पडल्या की साठ होतील आणि सकाळी साठच्या साठ पुसलेल्या असतील. पण त्याच्या त्या तीन चुकांबद्दल मला बोलायचंय, कारण तुम्ही सगळे ज्याला हसलात ती उत्तरं वर्गातल्या पुष्कळ बरोबर उत्तरांपेक्षा बरी आहेत. पोरानं घोकलेलं आठवत नाही म्हटल्यावर कानावरच्या मराठीचा आधार घेतला. तीस वर्षं इतिहास शिकवला, असा आधार घेणारी मुलं मला नेहमी आवडली.

तेरा सोसायट्या घ्या. आपण पोलीस वसाहत म्हणतो, औद्योगिक वसाहत म्हणतो. त्याच्या लेखी वसाहत म्हणजे फाटक, पाण्याची टाकी आणि ओळीनं इमारती. शब्द वसण्यावरून आलेला आहे, तेव्हा तो अगदीच भलतीकडे गेलेला नाही. त्याला एवढंच सांगायचं, की इथे वसणारी माणसं समुद्र ओलांडून आली, दुसऱ्यांच्या जमिनीवर वसली आणि त्यांच्यावर हुकूम मात्र मागे राहिलेल्या देशाचाच चालत राहिला. १६०७ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला इंग्रज उतरले. शंभराच्या आसपास पुरुष आणि मुलगे. तिथे आधीपासून पाउहाटन लोकांची गावं होती, शेती होती. मग १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे मेले. अशा एकेक वसाहती वाढत जाऊन अटलांटिकच्या किनाऱ्यावर तेरा झाल्या. त्याच त्या तेरा सोसायट्या.

इथे हुशार मूल पुढचा प्रश्न विचारतं, आणि तुमचा विचारेलच : मग भारत वसाहत कसा? इथे इंग्रज थोडेच येऊन शेती करत बसले? प्रश्न बरोबर आहे. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. एक, माणसं नेऊन वसवलेला मुलूख. दुसरी, परक्या देशानं स्वतःच्या फायद्यासाठी राबवलेला मुलूख, मग तिथे त्याची माणसं मूठभर असोत. व्हर्जिनिया पहिल्या अर्थानं वसाहत, आणि दुसऱ्याही. भारत फक्त दुसऱ्या. पाठ्यपुस्तकात एका ओळीची व्याख्या देताना हा फरक सांडतो आणि मग मुलं गोंधळली की आपण त्यांना वेंधळं म्हणतो.

आता वखार. हा माझा लाडका शब्द आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

त्यानं कारखाना लिहिलं, कारण कुठेतरी त्याला फॅक्टरी हा इंग्रजी शब्द दिसला असणार. पण त्या काळात फॅक्टर म्हणजे परमुलखात बसून मालकाच्या वतीनं खरेदी-विक्री करणारा माणूस, आपल्याकडचा गुमास्ता म्हणा. हे फॅक्टर जिथे राहत ती फॅक्टरी. तिथे काही तयार होत नव्हतं. आपला मराठी शब्द इथे इंग्रजीहून सरस आहे. लाकडाची वखार, कोळशाची वखार आपल्याला माहीत असते. वखारीत माल भरून ठेवतात, एवढं मुलाला ठाऊक असलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे, वखार लागलीच कशाला? जहाज आलं, बाजारात जाऊन कापड घेतलं आणि परत गेलं, असं का नाही? कारण जहाजं वाऱ्यावर चालत. मोसमी वारे ठरावीक महिन्यांत एका दिशेनं वाहतात, त्यामुळे यायचे दिवस ठरलेले आणि परतायचेही. जहाज बंदरात लागल्यावर घाईघाईनं खरेदी करायला निघालात, तर विकणारा भाव चढवणार. घाई दिसली की भाव चढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून माणसं वर्षभर इथेच ठेवायची. त्यांनी विणकरांना उचल द्यायची, हंगामात नीळ घ्यायची, माल वखारीत रचायचा आणि जहाज आलं की भरायचा. जहांगीर बादशहाच्या परवानगीनं १६१३ मध्ये सुरतेला इंग्रजांची कायमची वखार झाली. खाली माल, वर गुमास्त्यांच्या खोल्या, सगळ्यांची पंगत एकत्र, रात्री दरवाजा बंद. हे दृश्य एकदा डोळ्यांसमोर आलं, की पोरगा पुन्हा कारखाना लिहीत नाही.

वखारीची पुढची गोष्ट मात्र दरवाजा बंद करण्यावर थांबली नाही. राजापूरलाही इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारवाल्यांनी तोफा घेऊन येऊन गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहायला आलेली माणसं! पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्या इंग्रजांना कैद केलं. आणि रामचंद्रपंत अमात्यांचं म्हणून ओळखलं जाणारं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं जे आज्ञापत्र आहे, त्यात टोपीकरांवर, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांवर, एक वेगळा भागच आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, असं त्यात बजावलंय. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत गावात द्यावी आणि मजबूत इमारती बांधू देऊ नयेत, असा सल्ला आहे. बिनतटाची वखार गोदाम राहते आणि तट घातला की ती किल्ला होते, हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. मद्रासला १६४० पासून तसंच घडत गेलं. मुलाला एवढं सांगा आणि विचारा, की वखारीला तोफा कशाला लागल्या? उत्तर त्याचं त्यालाच शोधू दे.

सनदेत तर त्यानं जवळजवळ बरोबरच लिहिलं होतं. वकिलाला सनद मिळते, हे त्यानं कुठेतरी ऐकलं असणार. सनद हातात नसेल तर वकील कोर्टात उभा राहू शकत नाही, म्हणजे ती पदवीच्या पुढची गोष्ट, धंदा करायची परवानगी. ईस्ट इंडिया कंपनीची सनद हुबेहूब तशीच. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथनं लंडनच्या काही व्यापाऱ्यांना लिहून दिलं, की केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला पंधरा वर्षं तुम्हीच व्यापार करायचा, दुसऱ्या कोणा इंग्रजानं करायचा नाही. या ‘तुम्हीच’मध्ये मक्तेदारी आली. शहाणपणाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का, असं आपण घरात म्हणतो ना, तोच हा मक्ता. डच लोकांनी १६०२ मध्ये आपल्या कंपनीला एकवीस वर्षांचा मक्ता दिला.

आणि सनद देणारा ती काढूनही घेऊ शकतो. जेम्सटाउनला माणसं पाठवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीला १६०६ मध्ये सनद मिळाली, १६२४ मध्ये ती रद्द होऊन वसाहत थेट राजाच्या ताब्यात गेली. ईस्ट इंडिया कंपनीचा भारतातल्या व्यापाराचा मक्ता १८१३ मध्ये गेला, चहा आणि चीनचा व्यापार तेवढा राहिला. १८३३ मध्ये तोही गेला. म्हणून सनद हा शब्द शिकताना तीन गोष्टी विचारायच्या : कोणी दिली, कोणाला दिली, किती वर्षांसाठी दिली.

यादीत फर्मान असेल तर ते वेगळं ठेवा. सनद इंग्लंडच्या राणीची, फर्मान दिल्लीच्या बादशहाचं. कंपनीला दोन्ही लागत, कारण राणीची सनद दाखवून सुरतेत कोणी उभं करणार नव्हतं. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहानं बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपये घेऊन कंपनीला जकात माफ केली. कंपनीच्या मालाबरोबर दस्तक नावाचं परवानापत्र असे, ते दाखवलं की जकातीचं नाकं सुटायचं. कंपनीच्या नोकरांनी तेच दस्तक आपल्या खासगी मालासाठी वापरायला सुरुवात केली. नवाब मीर कासीमनं वैतागून सगळ्याच व्यापाऱ्यांची जकात उठवली, म्हणजे इथल्यांना आणि त्यांना एकच भाव. कंपनीचं बिनसलं, लढाई पेटली, १७६४ मध्ये बक्सारची लढाई कंपनीनं जिंकली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, कंपनीच्या पदरात पडला. फर्मान, जकात, दस्तक आणि दिवाणी हे चारही शब्द या एका भांडणात येऊन जातात. तुम्ही हिशेब लिहिता, तेव्हा करमाफीच्या कागदावर दुसऱ्याचाच माल घुसवणं म्हणजे काय, हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

उरलेल्या शब्दांसाठी माझा एक जुना उद्योग आहे. एक वस्तू धरायची आणि ती जाईल तिकडे आपण जायचं. मी वर्गात तंबाखूचं पिंप घ्यायची. (एकदा एका पालकांनी तक्रार केली, की बाई मुलांना तंबाखू शिकवतात!)

जेम्सटाउनला गेलेल्यांनी सोनं शोधलं, मिळालं नाही. १६०९-१०च्या हिवाळ्यात उपासमारीनं बहुतेक लोक मेले. इकडे लंडनमध्ये पैसे घालून बसलेले लोक वाट पाहत होते. हे भागधारक. एकट्याच्यानं जहाज पाठवणं झेपत नाही, जहाज बुडालं तर तोही बुडतो. म्हणून अनेकांनी थोडे थोडे पैसे घालायचे, ते भागभांडवल. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ यानं वेस्ट इंडिजकडचं तंबाखूचं बियाणं लावून पाहिलं आणि पीक साधलं. हे नगदी पीक. विकण्यासाठी एकच पीक मोठ्या जमिनीवर आणि दुसऱ्यांकडून राबवून घेऊन काढायचं, हा रोपमळा. साध्या मराठीत मळा म्हटलं तरी चालेल. तंबाखू जमिनीचा कस काढते, त्यामुळे काही वर्षांनी नवी जमीन हवी. ती पाउहाटनांची. १६२२ मध्ये त्यांनी हल्ला केला, त्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले. संघर्ष हा शब्द यादीत नुसता असतो, त्याच्या मुळाशी तंबाखूनं खाल्लेली जमीन आहे हे लिहिलेलं नसतं.

पीक आलं, आता हात हवेत. इंग्लंडमधले गरीब तरुण जहाजाचं भाडं देऊ शकत नव्हते. ज्यानं त्यांचं भाडं भरलं, त्याच्याकडे चार ते सात वर्षं राबायचं, असा करार ते करत. करारबद्ध मजूर ते हेच. आणि भाडं भरणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळे. बघा, मजूर आणून जमीनही वाढते. १६१९ मध्ये वीस-पंचवीस आफ्रिकी माणसांना व्हर्जिनियात आणून विकलं गेलं. पुढच्या काही दशकांत कायदेच असे होत गेले, की त्यांची गुलामी आयुष्यभराची आणि त्यांच्या मुलाबाळांचीही झाली. करारबद्ध मजूर आणि गुलाम यांतला फरक परीक्षेत हमखास विचारतात. मजुराच्या कागदावर शेवटची तारीख असते, गुलामाच्या बाबतीत तसा कागदच नसतो.

पिंप भरलं. ते जाणार कुठे? जास्त भाव देईल त्याच्याकडे, असं वाटतं ना? पण १६६० च्या जलवाहतुकीच्या कायद्यानं ठरवलं, की वसाहतींतली तंबाखू आणि साखर फक्त इंग्लंडला किंवा इंग्रजांच्याच इतर वसाहतींत जाईल, आणि तीही इंग्रजी जहाजांतून. कच्चा माल आमच्याकडेच आणायचा, पक्का माल आमच्याकडूनच घ्यायचा, फरक सोन्याचांदीत आमच्या तिजोरीत. या विचाराला व्यापारवाद म्हणतात. नावाला वाद लागला की मुलं घाबरतात. त्याला सांगा, सगळं सामान एकाच दुकानातून घ्यायची सक्ती, आणि आपला मालही त्याच दुकानदाराला विकायची सक्ती. आयात-निर्यात इथेच उरकून घ्या : आत येते ती आयात, बाहेर जाते ती निर्यात. त्यात फार काही नाही.

त्रिकोणी व्यापारासाठी नकाशा लागेल, आणि इथे जरा सावकाश जा. युरोपातून कापड, बंदुका, दारू पश्चिम आफ्रिकेला; तिथून माणसं अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडे; तिथून साखर, तंबाखू परत युरोपात. आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या कापडात भारतात विणलेलं सुती कापडही असे. म्हणजे आपली वखार इथे येऊन भेटते. संशोधकांचा अंदाज आहे, की अटलांटिकच्या या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसं जहाजांत चढवली गेली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. तुम्ही हिशेबातल्या आहात. वजाबाकी तुम्ही मुलासमोर करा. आणि मग त्याला सांगा, की त्या काळच्या वह्यांत ही माणसं मालाच्या रकान्यात, संख्या आणि किंमत घालून लिहिलेली सापडतात. मी हे शिकवायची तेव्हा वर्ग गप्प व्हायचा आणि मी फळा पुसायच्या निमित्तानं वर्गाकडे पाठ फिरवायची.

करारबद्ध मजुरांचा आणखी एक अध्याय आपल्या इकडचा आहे. ब्रिटिशांच्या वसाहतींत १८३४ मध्ये गुलामी बंद झाली, तेव्हा उसाच्या मळ्यांवर माणसं हवी होती. त्याच वर्षापासून भारतातून मॉरिशसला मजूर जाऊ लागले, पाच-पाच वर्षांच्या करारावर. त्यांच्या तोंडी ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि ते गिरमिटिये झाले. मॉरिशसमध्ये आजही मराठी कुटुंबं आहेत, ती या गिरमिटियांचीच नातवंडं-पतवंडं. सुताराचं भोक पाडायचं गिरमिट वेगळं बरं का, ते दुसऱ्याच इंग्रजी शब्दावरून आलंय. तुमच्या मुलाची पद्धत पाहता हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता पाठांतराचं. एक दोनशे पानी वही घ्या आणि ती खतावणीसारखी आखा. डाव्या पानावर शब्द आणि त्याखाली एकच खरं वाक्य, ज्यात ठिकाण आणि साल आहे. ‘१६१३ मध्ये इंग्रजांनी सुरतेला वखार घातली.’ एवढंच, व्याख्या नको. उजव्या पानावर दोन रकाने : या व्यवहारात कोणाच्या नावावर जमा पडली, कोणाच्या नावे टाकली गेली. सनदेच्या पानावर लंडनच्या व्यापाऱ्यांकडे जमा येईल, आणि सनद न मिळालेल्या बाकीच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या नावे पडेल. करारबद्ध मजुराच्या पानावर वाद होईल, कारण त्याला जहाजाचं भाडं मिळालं आणि सात वर्षं गेली. वाद होऊ द्या. ज्या शब्दावर घरात भांडण झालंय तो शब्द सकाळी पुसला जात नाही. दिवसाला तीन-चारच शब्द घ्या.

काही पानांवर रकाने भरताना तो अडेल. ‘शोध’ हा त्यांतला एक. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, त्याला पुस्तकं सागरी मार्गाचा शोध म्हणतात ते ठीक आहे, पण कोणी भारताचा शोध म्हणालं, तर कालिकतचे लोक काय हरवले होते का, असं मुलानं विचारायला हवं. ‘ओसाड जमीन’ हा दुसरा. ओसाड कोणी म्हटलं, तिथे शिकार करणाऱ्यानं की तिथे मळा घालणाऱ्यानं? परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहायला सांगा, त्यावर बाईंशी हुज्जत नको. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो आणि ती दमलेली असते, मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

एक शेवटची गोष्ट, त्याच्यासाठी बक्षीस म्हणून राखून ठेवा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात वसाहतीतल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, त्या कोणाच्या होत्या? ईस्ट इंडिया कंपनीच्या. आठ वर्षांपूर्वी बंगालची दिवाणी मिळवलेली तीच कंपनी. तिचा चहा खपावा म्हणून इंग्लंडच्या संसदेनं तिला वसाहतींत थेट विक्रीची सवलत दिली होती. सनद, मक्तेदारी, कर, वसाहत, सगळे त्या पाण्यात. त्याच्या तेरा सोसायट्या आणि त्याचा सुरतेचा कारखाना इथे एका पानावर येतात.

पुढची चाचणी कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आठ-दहा दिवस असतील तर पिंपापासून सुरुवात करा. तीनच दिवस असतील तर फक्त वखार आणि सनद घ्या, बाकीचं सुट्टीत. आणि घरात जे हसले, त्यांना त्रिकोणी व्यापाराचा नकाशा काढायला बसवा.